मुक्या काडतुसाची परीक्षा

"वाघाला किती नंबरची लागते हो?"

बंदुकीच्या दुकानात मी आयुष्य काढलं आणि त्या आयुष्यात हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला. लायसनवाले विचारायचे, बिनलायसनचे विचारायचे, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी पाहुणा जिलबी हातात धरून विचारायचा. न्हावीही विचारायचा. त्याच्या हातात वस्तरा असायचा, म्हणून त्याला मी सविस्तर उत्तर द्यायचो.

आमचे हबीब उस्ताद मात्र या प्रश्नाला सरळ उत्तर देत नसत. चष्म्यावरून बघत म्हणायचे, "शेर का नंबर मेरेकू मालूम है साब. आपके खांदे का नंबर क्या है, वो बोलो." नवं गिऱ्हाईक गोंधळून जायचं. जुनं हसायचं आणि मुकाट्यानं कोट काढून खांदा पुढे करायचं.

मी पडेगावचा. शाळा निजामाच्या राजवटीत झाली, म्हणजे घरी मराठी आणि फळ्यावर उर्दू. पोलीस ॲक्शन झाली आणि त्या उर्दूचं काय करायचं असा माझ्यापुढं प्रश्न पडला. त्याच दिवसांत सगळ्या जुन्या बंदुकांची नव्यानं नोंद सुरू झाली होती. ज्याच्या त्याच्याकडे उर्दूतले पिवळे पडलेले परवाने, आणि कचेरीत मागायचे नव्या नमुन्यातले अर्ज. सिटी चौकातून शहागंजकडे जाताना उजव्या हाताला उस्तादांचं छोटं दुकान होतं. त्यांना परवाने वाचून मराठीत अर्ज लिहिणारा माणूस पाहिजे होता. मी दोन महिन्यांसाठी म्हणून गेलो आणि केस पांढरे होईपर्यंत राहिलो. माझं लग्न ठरताना मुलीच्या मामांनी विचारलं होतं, "मुलगा बंदुकीच्या दुकानात, म्हणजे नेमकं करतो काय?" वडिलांनी सांगितलं, "लिहिण्याचं काम." ते खरंच होतं, पण पहिली काही वर्षंच.

उस्ताद आधी एका जहागीरदाराच्या सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात होते. शिकारीला जाणाऱ्या पाहुण्यांना कोणती रायफल द्यायची हे ते ठरवत. जहागीर गेली, सिलेखाना गेला, पाहुणेही गेले, पण उस्तादांच्या हातातली पारख राहिली. ती त्यांनी दुकानात मांडली आणि थोडीफार मला दिली.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडं सांगतो. रायफलचा नंबर म्हणजे तिच्या नळीच्या पोकळीचं माप. नंबर मोठा तेवढी गोळी जाड. आमच्याकडे थ्री फिफ्टीन असायची, ती हलकी, रानडुकराला आणि सांबराला पुरेशी, आणि नेमबाज गडी असला तर त्याहून मोठ्यालाही. तिच्यावर थ्री सेवन्टी फाइव्ह. ती सगळ्या कामाची. वाघ, अस्वल, जे समोर येईल ते. आणि त्याच्याही वर फोर सेवन्टी, दोन नळ्यांची, पाच किलो वजनाची, हत्ती आणि गव्यासाठी केलेली. आमच्या मराठवाड्यात हत्ती गणपतीशिवाय कुठं दिसत नाही. तरीही सगळ्यात जास्त मागणी फोर सेवन्टीचीच.

याचं कारण साधं आहे. भिंतीवर टांगली की ती उठून दिसते. पण मोठी रायफल पुढच्याला मारते तशी मागच्यालाही मारते. बार उडाला की मागचा लाकडी दस्ता खांद्यावर अशी लाथ घालतो की नवख्याच्या डोळ्यांत पाणी येतं. एकदा ती लाथ खाल्ली की शरीर ती विसरत नाही. पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच खांदा आखडतो, डोळे मिटतात, हाताला झटका बसतो आणि नळीचं तोंड खाली जातं. गोळी वाघाच्या छातीत जायची ती पोटात जाते, नाहीतर पायात. जखमी वाघ झाडीत शिरतो. मग त्याला शोधायला माणसं जातात आणि त्यातली सगळी परत येतातच असं नाही. म्हणून उस्ताद म्हणायचे, छोट्या नंबरची नेमकी गोळी ही मोठ्या नंबरच्या भित्र्या गोळीपेक्षा मोठी.

रायफल निवडायची त्यांची रीत होती. गिऱ्हाइकाला मागच्या अंगणात उभं करायचं, डोळे मिटायला लावायचे, रायफल खांद्याला लावायला सांगायची आणि मग डोळे उघडायला सांगायचे. उघडल्या उघडल्या नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा, ज्याला माशी म्हणतात, आणि मागची खाच एका रेषेत दिसली तर दस्ता त्याच्या मापाचा. नाही दिसली तर कानस आणि रंधा घेऊन उस्ताद बसायचे. एक शाळामास्तर होते. तीन वर्षं एक रानडुक्कर त्यांच्या हाती लागलं नव्हतं. आता डुक्करच मास्तरांना ओळखायला लागलंय, असं गावात लोक म्हणत. उस्तादांनी त्यांना अंगठा आणि बोटाचं कडं करून त्यातून घड्याळ बघायला सांगितलं, मग एकेक डोळा मिटायला लावला. मास्तरांचा डावा डोळा जोरकस निघाला आणि ते जन्मभर उजव्यानं नेम धरत आले होते. रायफल डाव्या खांद्याला लावायची सवय केली आणि महिन्याभरात मास्तरांनी दुकानात चिवड्याचा पुडा आणून दिला. डुकराचं काय झालं ते मी विचारलं नाही.

ही सगळी परीक्षा अंगणातली. खरी परीक्षा व्हायची ती पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला लागून असलेल्या एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत. तिथं खडकाला पाठ देऊन निशाण लावायचं आणि गिऱ्हाइकाला पाच बार काढायला सांगायचे. काडतुसं भरायचं काम माझं, गिऱ्हाइकाकडे पाठ करून. पाचातली तीन खरी, दोन मुकी. मुकं काडतूस उस्तादांनी स्वतः बनवलेलं. गोळी खरी, आतमध्ये दारूऐवजी तिच्याच वजनाची बारीक वाळू, आणि मागच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या जागी चामड्याचा गोल तुकडा, वरून पितळी रंग दिलेला. बारकाईनं बघितलं तरच ओळखू येईल असं. उस्ताद त्याला गुंगा म्हणायचे. गिऱ्हाइकाला कुठला बार खरा आणि कुठला मुका हे माहीत नसायचं. खऱ्या बाराला आवाज आणि धक्क्यात सगळं झाकून जातं. मुक्याला फक्त 'टच' असा आवाज होतो आणि त्या शांततेत माणसाचं पितळ उघडं पडतं. धक्का नाही, तरी नळी वीतभर खाली गेलेली, डोळे गच्च मिटलेले आणि तोंड वेडंवाकडं झालेलं.

मी त्या खाणीत फौजेतले अधिकारी पाहिले, कारखानदार पाहिले, पाच-पाच वाघांची कातडी घरात असणारे पाहिले. त्यातले निम्मे डोळे मिटायचे. परीक्षा झाली की जवळजवळ प्रत्येकाचं वाक्य एकच, "उस्ताद, हे इथंच राहू द्या." उस्ताद छातीवर हात ठेवून मान तुकवायचे. खाणीतली गोष्ट खाणीत, हा दुकानाचा नियम होता आणि त्याचा आम्हाला मोठा अभिमान होता. डॉक्टर पेशंटचं सांगत नाही, तसे आम्ही.

आता अंबादासरावांची गोष्ट सांगतो.

अंबादासराव पाटील लासूर स्टेशनजवळचे. मोठी शेती, स्टेशनात अडत, आणि स्वभाव असा की बाजारात त्यांचा शब्द म्हणजे पावती. घरच्या थ्री फिफ्टीननं त्यांनी कित्येक रानडुकरं मारली होती आणि एकही गोळी वाया घालवली नव्हती. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. थोरल्या मुलीचं लग्न झालं होतं आणि जावई पाटबंधाऱ्यात इंजिनियर होता, शिकारीचा शौकीन. पाटलांचे मेहुणे आपल्या शहरातच वकिली करत. त्यांनी टूम काढली की जावयाला घेऊन किनवटच्या जंगलात वाघाच्या शिकारीला जायचं. जंगलखात्याकडून परवाना काढला, ढोल वाजवत वाघाला बंदुकीकडे हाकणारे हाकेवाले ठरवले. वकिलांनी कुठूनशी जुनी फोर सेवन्टी पैदा केली होती. जावयाकडे थ्री सेवन्टी फाइव्ह.

पाटील दुकानात आले आणि सुताराकडे टेबल मागावं अशा सहजपणे म्हणाले, "उस्ताद, एक फोर सेवन्टी दाखवा."

"हत्ती आया क्या लासूर में?" उस्तादांनी विचारलं.

पाटील हसले. फोर सेवन्टी त्यांनीच खाली ठेवली, पण थ्री सेवन्टी फाइव्हच्या खाली यायला तयार होईनात. खाणीत नेलं. पहिला बार खरा, दुसरा मुका. दुसऱ्याला पाटलांची नळी अशी खाली गेली की समोरच्या दगडाऐवजी पायातली वहाण उडाली असती. तिसऱ्या वेळी तेच. पाटलांनी रायफल गुडघ्यावर ठेवली.

"घरची थ्री फिफ्टीन ले जाओ पाटीलसाब," उस्ताद मऊ आवाजात म्हणाले. "उससे आप आंख नहीं मीचते. शेर बी उसकू मानेगा."

"तुमचं समदं खरं हाय उस्ताद. पण जावई थ्री सेवन्टी फाइव्ह घेऊन बसणार, मेहुणा तोफ घेऊन बसणार, आन मी डुकराची बंदूक घेऊन बसू व्हय? लेकीच्या सासरी हसतील लोक."

उस्तादांनी त्यांना थ्री सेवन्टी फाइव्ह दिली आणि तिची दोन मुकी काडतुसं पंधरा दिवसांसाठी घरी दिली. रोज सकाळी दार लावून पन्नास वेळा चाप ओढायचा, डोळे उघडे ठेवून. पाटलांनी ते इमानेइतबारे केलं. पंधरा दिवसांनी, निघायच्या दिवशीच सकाळी, ती दोन्ही काडतुसं घेऊन ते पुन्हा खाणीत आले. मी जाजमावर खरी आणि मुकी काडतुसं मांडून भरत होतो. पाटील पुष्कळ सुधारले होते. चौथ्या बाराला तर डोळे लख्ख उघडे होते.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर जीप थांबली आणि वकिलांची हाक आली, "दाजी, कुठं आहात? गाडीची वेळ व्हायला लागली."

पाटलांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. शाळेतल्या पोराला मास्तरांनी कॉपी करताना पकडावं तसे ते गडबडले. "आवर, आवर," मला म्हणाले, "त्याला हे दिसू नये." मीही गडबडलो. जाजमावरची काडतुसं मुठीत धरून भराभरा त्यांच्या पट्ट्यात खोचली, निशाण गुंडाळलं आणि वकील खाली उतरून आले तेव्हा आम्ही तिघं हवापाण्याबद्दल बोलत होतो. दुपारच्या गाडीनं ती मंडळी रवाना झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुक्या काडतुसांचा पत्र्याचा डबा उघडला. आत दोनाच्या जागी एकच होतं. जाजम झटकलं, पिशवी उलटी केली, सायकलवरून खाणीत जाऊन गुडघ्यावर बसून दगड चाळले. नाही. दुसरं कुठं आहे हे मला पहिल्यापासूनच कळलं होतं, फक्त ते मान्य करायला दोन तास लागले.

पाटलांच्या पट्ट्यात एक मुकं काडतूस होतं आणि पाटील वाघासमोर बसणार होते.

मी उस्तादांना सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते काऊंटरला धरून हळूच स्टुलावर बसले. मी म्हटलं, "तार करू का?"

"तार नक्को. तार मास्टर पढेगा, पोस्टमन पढेगा, आखिर में दामाद पढेगा. तू खुद जा." मग थोडं थांबून म्हणाले, "हाका परसों सुबह है ना? पहुंचता तू. पाटीलसाब की इज्जत बी संभाल, जान बी. दोनों में से एकच बचती होएगी तो जान. समझा क्या?"

मी समजलो. त्यांनी नव्या काडतुसांची पेटी दिली, ती जवळ बाळगण्याचा कागद दिला, आणि मी मीटरगेजच्या गाडीत बसलो. मुदखेडला गाडी बदलून किनवट, तिथून लाकडं आणायला जाणाऱ्या रिकाम्या ट्रकनं जंगलातलं गाव. सगळ्या वाटेत माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं. पाटलांचा पहिला बार वाघाच्या पायाला लागलाय, वाघ वळलाय आणि दुसऱ्या बाराला रायफल 'टच' म्हणतेय. बरोबर घेतलेली भाकरी मी तशीच परत आणली, एवढं सांगितलं तरी पुरे.

हाक्याच्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी उन्हं वर यायच्या सुमाराला मी तळावर पोचलो. दोन तंबू, चहाची किटली, आणि बाजूला पळसाच्या झाडांखाली चाळीसेक हाकेवाले बसलेले, ढोल आणि कुऱ्हाडी घेऊन. ते आसपासच्या पोडांवरचे, म्हणजे पाड्यांवरचे, कोलाम आदिवासी होते. त्यांचा म्होरक्या भीमा नाईक, वाळलेल्या सागासारखा उंच म्हातारा, चिलीम ओढत होता. आणि तंबूपुढे खुर्च्यांवर पाटील, जावई, वकील, तिघंही निघायच्या तयारीत. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

"अरेच्चा," वकील म्हणाले, "उस्तादांनी शाखा काढली की काय जंगलात?"

मी वाटेत पाठ केलेलं बोललो. दुकानात आलेल्या नव्या मालातली काही काडतुसं दमट निघाली. चूक माझी, मी तपासली नाहीत. पाटीलसाहेबांच्या पट्ट्यात त्यातली असू शकतात, म्हणून सगळी बदलून द्यायला आलोय.

वकिलांना असा मोका कोर्टातही मिळाला नसेल. ते उभे राहिले. दमट काडतूस म्हणजे काय हे त्यांनी जावयाला सांगितलं, मग मला सांगितलं, मग हाकेवाल्यांकडे तोंड करून सांगितलं. उस्ताद म्हातारे झाले, नजर गेली, आता भंगार विकायला लागले. माणसं मरतील असल्या दुकानापायी. शहरात गेल्यावर कलेक्टरकडे अर्ज करतो, टाळंच ठोकतो. मी खाली मान घालून पट्ट्यातलं एकेक काडतूस काढून बघत होतो. माझ्याबद्दल काय बोलले त्याचं मला काही वाटलं नाही. पण जन्मभर कानस धरून ज्या माणसानं नाव कमावलं त्याचं नाव माझ्या खोटेपणानं मातीत जात होतं आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही.

पट्ट्यात ते नव्हतं. मी पाटलांची रायफल मागितली. मॅगझीन उघडलं. पहिलं खरं. दुसरं बाहेर काढलं आणि उलटं करून बघितलं, तर टोपीच्या जागी चामडं.

पाटील माझ्याकडेच बघत होते. माझ्या तळहातावरचं काडतूस त्यांनी ओळखलं. पंधरा दिवस रोज पन्नास वेळा त्याच्याशी गाठ पडली होती त्यांची.

वकील अजून बोलतच होते. पाटील म्हणाले, "वकील, बास झालं."

"बास कसं दाजी? तुमच्या जिवावर..."

"काडतूस दमट नाय. उस्तादाचा माल लई चोख हाय. हे मुद्दामच मुकं केलेलं हाय, माझ्यासाठी. मला मोठ्या बंदुकीची धास्ती बसती. मी चाप वढताना डोळं मिटतो. ती सवय मोडावी म्हणून त्यांनी हे दिलं, आन तुमच्यापासून लपवायच्या घाईत ते माझ्या पट्ट्यात आलं. चूक असंल तर ती माझी हाय. ह्या माणसाला बोलू नका."

जावयाकडे बघायचीही मला हिंमत होईना. आपल्याकडे सासऱ्यानं जावयापुढं असं काही कबूल करणं म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला सांगायला नको. जावई उठला, पाटलांजवळ आला आणि म्हणाला, "मामा, मी मिटतो की नाही हे मला ठाऊकच नाही. मला कधी कुणी बघितलंच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भरा बरं एकदा मला न दाखवता."

मी पाठ फिरवून भरलं. समोर पंचवीस पावलांवर वारूळ होतं. जावयानं नेम धरला, चाप ओढला, 'टच' झालं आणि नळी हातभर हलली. तो स्वतःच हसायला लागला. मग पाटील हसले. मोकळं, पोटभर, खाणीत मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. वकील म्हणत होते की हा पोरखेळ आहे आणि वेळ जातोय, पण सुटका नव्हती. त्यांच्या हातात पाटलांचीच रायफल देऊन मी आधी एक खरं भरलं आणि मग मुकं. मुक्याला त्यांनी दोन्ही डोळे मिटले, दात आवळले आणि वर "बापरे" म्हणाले. त्यानंतर कलेक्टरच्या अर्जाचा विषय निघाला नाही.

मग तिघांनाही चेव आला. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा करत त्यांनी नवी पेटी जवळजवळ संपवली. जंगलचा शिपाई एकदा म्हणाला, "साहेब, एवढे बार झाल्यावर वाघ आता तेलंगणात पोचला असेल." त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी हाका झालाच नाही आणि वाघ वाचला. इतक्या वर्षांनी मला त्या शिकारीतली ती गोष्ट फार आवडते. ज्या जंगलांसाठी मी रायफली निवडून दिल्या तिथं पुढं वाघच उरले नाहीत. मग कायदा आला आणि शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. वाघ संपण्यात आमचाही हात होता हे मी नाकारत नाही.

हा सगळा तमाशा चालू असताना भीमा नाईक माझ्याजवळ येऊन उभा राहिला होता. त्यानं मला विचारलं, "हे काय करायलेत साहेब लोक?"

मी त्याला मुकं काडतूस दाखवलं आणि समजावून सांगितलं. आवाजाच्या आणि धक्क्याच्या भीतीनं पुष्कळ शिकाऱ्यांचे डोळे ऐन वेळी मिटतात, ते यानं कळतं. तो शांतपणे ऐकत होता. काडतूस त्यानं बोटांत फिरवलं, मागं बसलेल्या त्याच्या माणसांना त्यांच्या बोलीत काही सांगितलं. मला वाटलं ते हसतील. कुणी हसलं नाही. एकानं मांडीवरचा ढोल खाली ठेवला.

"तुमाला हे आधीपासून ठावं होतं?" भीमानं विचारलं.

"दुकानात कळतं आम्हाला. पण सांगत नाही कुणाला. गिऱ्हाइकाची इज्जत असते."

तो माझ्याकडे बघत राहिला. "दरसाल आमी यांच्या बंदुकीसमोरून चालत येतो," तो म्हणाला. "लोकाला वाटतं ढोल वाघासाठी वाजवतो. वाघासाठी वाजवतोच. पण यांना बी कळावं, का माणूस येतोय, म्हणून वाजवतो. आता डोळंच मिटलेलं असल तर ढोलाचं काय काम?"

त्यानं काडतूस माझ्या हातात परत दिलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा आम्ही अभिमान बाळगला तिच्या दुसऱ्या टोकाला ही माणसं उघड्या छातीनं उभी होती, आणि आम्ही तिकडे कधी बघितलंच नव्हतं.

परत आल्यावर मी उस्तादांना सगळं सांगितलं. पाटलांचं ऐकून ते खूश झाले. भीमाचं बोलणं मात्र त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं आणि नंतर दिवसभर ते एकाच दस्त्यावर कानस फिरवत बसले.

पुढच्याच आठवड्यात जालन्याचे एक कारखानदार आले. त्यांनाही किनवटला हाक्यावर जायचं होतं. खाणीत नेलं. त्यांनी दोन्ही वेळा डोळे मिटले, मग घाम पुसत इकडे तिकडे बघितलं आणि नेहमीचंच वाक्य बोलले, "उस्ताद, हे इथंच राहू द्या."

उस्तादांचा हात सवयीनं छातीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"नक्को साब," ते म्हणाले. "आपके सामने से जो लोगां चलके आते, उनकू ये मालूम होना. नहीं तो आप हाके पे नक्को जाओ."

कारखानदार लाल झाले. रायफल जाजमावर टाकून मोटारीत बसले आणि धूळ उडवत निघून गेले. त्या मोसमातलं ते आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. उस्तादांनी धूळ खाली बसू दिली, रायफल उचलून रुमालानं पुसली आणि मला म्हणाले, "चल, चाय पीते. आज की अच्छी लगेगी."